बर्फातील लपणतंबू घेताना आधी छत पाहावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हिवाळ्यात हिमाचल, उत्तराखंड आणि लडाखकडे जाणाऱ्या गोव्यातील हौशी वन्यजीव छायाचित्रकारांसाठी साहित्य-खरेदीचे मार्गदर्शन करणारा लेख प्रसिद्ध झाला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि भिंगे, तिपाई, बॅटरी यांविषयीचा त्यातील मजकूर उपयुक्त आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र जमिनीवर उभारायच्या लपणतंबूला, ज्याला आमची मंडळी नुसते ‘हाइड’ म्हणतात, लेखात जेमतेम चार ओळी मिळाल्या असून, ‘पूर्ण जलरोधक हाइड घ्यावे, म्हणजे ते बर्फातही टिकते’ अशा आशयाचा सल्ला त्या चार ओळींत आहे. हा सल्ला मानून यंदा कोणी खरेदी केली, तर त्याचे पैसे पाण्यात, म्हणजे खरे तर बर्फात, जातील अशी मला भीती वाटते. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास छत, सांगाडा आणि साठवण यांविषयीचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

गोव्यात राहणाऱ्या माणसाला ताडपत्री घ्यायची असो, रेनकोट असो वा गाडीवरचे आवरण, पहिला प्रश्न सुचतो तो ‘पाणी गळणार नाही ना?’ हाच. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात तो सुचणे स्वाभाविक आहे. पण पाऊस पडतो आणि वाहून जातो. बर्फ पडतो आणि बसून राहतो. उणे दहा-पंधरा अंशांत कोरडा बर्फ कापडावर पडला, तर तो वितळत नाही, त्यामुळे तो आत झिरपण्याचा प्रश्न फारसा येत नाही. येतो तो त्याच्या वजनाचा. तेव्हा जो गुण आपण पावसाळी वस्तूंत सर्वांत आधी तपासतो, तो बर्फातल्या हाइडसाठी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर जातो, आणि ज्या गोष्टींकडे आपण कधी ढुंकूनही पाहत नाही, त्या पहिल्या क्रमांकावर येतात.

हे तंबू मुळात कोणासाठी बनतात हेही लक्षात घेतले पाहिजे. बाजारात मिळणारी बहुतेक हाइड उत्तर अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असतात. तिकडे परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात शिकार करणे कायदेशीर आहे आणि हा हंगाम पानगळीपासून थेट बर्फ पडेपर्यंत चालतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा इथे या तंबूचा उपयोग कॅमेरा आणि दुर्बीण यांपुरताच. अभयारण्याच्या हद्दीत तो लावायचा तर वनखात्याची परवानगीही हवी. मात्र तंबूचा आराखडा शिकाऱ्याचाच राहतो. धनुर्धाऱ्याला धनुष्य ताणता यावे म्हणून तो माणूस उभा राहील इतका उंच केलेला असतो, आणि त्याच्या खिडक्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असतात. काही तंबूंच्या खिडक्यांना तर बाण आरपार जाईल अशी खास जाळी असते, जिच्यातून भिंगाने काढलेले छायाचित्र हमखास धूसर येते. उंच तंबू वारा जास्त घेतो, आणि जमिनीलगत वावरणाऱ्या पक्ष्याचे छायाचित्र छातीच्या उंचीवरून घेतले, तर ते वरून घेतल्यासारखे दिसते. म्हणून आपल्या कामासाठी बुटका तंबू बरा, आणि त्याला जमिनीपासून वीतभर अंतरावर उघडणारी एक तरी खिडकी असावी.

आता मुख्य मुद्दा छताचा. ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. ओलसर किंवा वाऱ्याने दाबून बसलेला बर्फ ३०० किलोपर्यंत सहज जातो. दोन माणसांच्या हाइडचे छत दीड मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरले, तर ते सव्वादोन चौरस मीटर भरते. त्यावर रात्रीतून १५ सेंटिमीटर कोरडा बर्फ साचला, तर घनमीटरला १०० किलोच्या हिशेबाने जवळजवळ ३४ किलो वजन झाले. तेवढाच बर्फ ओला असेल तर एकूण वजन सुमारे १०० किलो. हे वजन बोटाएवढ्या जाडीच्या चार कांबींवर येते. जानेवारीत हिमाचलमधल्या स्पितीत पडणारा बर्फ बहुधा कोरडा असतो. मोनाल या डोंगरी पक्ष्यासाठी मंडळी जिथे जातात त्या उत्तराखंडातील चोपता-तुंगनाथ भागात किंवा मार्चनंतर इतरत्रही तो ओला आणि जड असू शकतो. म्हणजे एकच तंबू एका ठिकाणी तग धरेल आणि दुसऱ्या ठिकाणी झोपेल, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नसेल.

आपल्या मंगळुरी कौलांच्या घरांना मुसळधार पाऊस झटकून टाकण्यासाठी जसा उतार देतात, तसा उतार बर्फाच्या छताला त्याहून अधिक हवा. पण बाजारातील बहुसंख्य हाइडचे छत जवळजवळ सपाट असते, मध्यभागी किंचित फुगलेले. अशा छतावर बर्फ साचत गेला की ते हळूहळू दबत नाही, एका क्षणी आतल्या बाजूला उलटते. स्पितीतल्या किब्बर गावाच्या हद्दीत, स्थानिक यजमानांच्या परवानगीने आमच्या गटाने एक हाइड रात्रभर तसेच उभे ठेवले होते. पहाटे पाहिले तो चारही कांबी जिथे जुळतात तो छताचा मधला गोळा आत ठेवलेल्या घडीच्या खुर्चीच्या पाठीला टेकलेला, चारपैकी एक कांब खोबणीपाशी लांबीत चिरलेली आणि तिचे काचतंतू केसांसारखे बाहेर आलेले. सहकाऱ्याने हातमोजा काढून ती कांब सरळ करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते तंतू बोटांत रुतले आणि उरलेली सकाळ चिमट्याने ते उपटण्यात गेली. तंबूच्या कापडातून मात्र पाण्याचा एक थेंबही आत आला नव्हता. तो शंभर टक्के जलरोधक होता.

म्हणून खरेदी करताना छताला घुमटासारखा किंवा दोन्ही बाजूंना उतरता आकार आहे का, हे प्रथम पाहावे. तसा न मिळाल्यास छताच्या मध्यबिंदूखाली एक उभा आधार देण्याची सोय करून घ्यावी. लांबी कमी-जास्त करता येणारी एक साधी काठी, तिच्या टोकाला रबरी टोपण आणि खाली बर्फात रुतू नये म्हणून लाकडी फळीचा तुकडा, एवढ्याने काम भागते. या जोडीला एक नियम पाळावा: माणूस आत नसेल तेव्हा हाइड उभे ठेवू नये. प्राण्यांना सवय व्हावी म्हणून ते दिवसेंदिवस उभे ठेवण्याची पद्धत आहे हे खरे. पण ज्यांना रात्री दोनदा उठून छतावरचा बर्फ झाडणे शक्य आहे, त्यांनीच ती अवलंबावी.

सांगाड्याचे तीन प्रकार सर्रास आढळतात. पहिला हबचा, म्हणजे कांबी जिथे एकत्र जुळतात त्या मधल्या सांध्याचा, ज्यात प्रत्येक भिंतीच्या मध्यावरची पट्टी बाहेर ओढली की भिंत ताठ होते. दुसरा पोलादी पट्टीच्या कड्यांचा, जो पिशवीतून काढताच आपोआप उघडतो. तिसरा सुट्या दांड्यांचा, गिर्यारोहकांच्या तंबूसारखा. दुसरा प्रकार बर्फाच्या कामातून सरळ वगळावा. तो वाऱ्यात टिकत नाही, जाड हातमोजे घालून घडी होत नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्याची पट्टी खोळीच्या आतल्या आत गंजून कापडावर तपकिरी डाग पाडते. पहिला प्रकार सोयीचा आहे, मिनिटाभरात उभा राहतो आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. पण त्याच्या कांबी बहुधा फायबरग्लासच्या असतात आणि कडाक्याच्या थंडीत फायबरग्लासची लवचीकता कमी होऊन ते चिरते. चिरलेल्या कांबीची दुरुस्ती जागेवर जवळपास अशक्य असते. ॲल्युमिनियम मिश्रधातूचा दांडा त्याच वजनाखाली वाकतो, पण वाकलेल्या जागी नळीचा तुकडा चढवून चिकटपट्टी गुंडाळली की उरलेली सहल निभावते. माझे मत विचाराल तर, बर्फासाठी सुट्या ॲल्युमिनियम दांड्यांचाच तंबू घ्यावा, जरी तो उभारायला पाचपट वेळ लागत असला तरी. ज्यांना हबच हवा असेल त्यांनी निदान कांबीची जाडी विचारावी आणि सुटी कांब वेगळी विकत मिळते की नाही याची खात्री करावी. सुटी कांब मिळत नसेल, तर तो तंबू एका हंगामाचा पाहुणा समजावा.

कापडाविषयी दुकानांतून जे आकडे तोंडावर फेकले जातात, त्यांपैकी डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. १५० डेनिअरचे कापड हलके पण पातळ, ३०० मध्यम, ६०० जाडजूड. दुसरा आकडा मिलिमीटरमध्ये असतो आणि पाण्याच्या किती उंच स्तंभाचा दाब कापड सहन करते हे तो सांगतो. आपल्या पावसाला हा आकडा महत्त्वाचा. कोरड्या बर्फात तो चढा असून विशेष फायदा नाही. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांत पॉलिएस्टर निवडावे, कारण नायलॉन ओलावा शोषून सैल पडते आणि सैल कापडावर बर्फाची खळगी तयार होते. शिवाय उन्हातील अतिनील किरणांपुढे पॉलिएस्टर अधिक काळ टिकते, आणि चार हजार मीटर उंचीवर, तेही बर्फावरून परतणाऱ्या उन्हात, हा फरक नगण्य नाही. सामान्य वापराला ३०० डेनिअर पुरते. ६०० डेनिअरचा तंबू टिकाऊ खरा, पण त्याचे वजन दहा किलोच्या घरात जाते आणि देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर चेक-इन सामानाला बहुतेक वेळा १५ किलोचीच मर्यादा असते. मोपाच्या विमानतळावर काउंटरसमोर लोकरी कपडे हातातल्या बॅगेत कोंबत उभे राहण्याची हौस असणाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा.

रंगाविषयी फार चर्चा होते, आणि माझ्या मते ती गरजेपेक्षा जास्त होते. पांढरा शुभ्र तंबू सलग बर्फाच्छादित मैदानात शोभतो. स्पिती-लडाखच्या उतारांवर मात्र खडक, करडी माती आणि बर्फाचे पट्टे यांची सरमिसळ असते, तिथे राखाडी-तपकिरी तंबूवर पांढऱ्या कापडाचे दोन-तीन तुकडे वेडेवाकडे टाकलेले अधिक उपयोगी पडतात. बाहेरच्या नक्षीपेक्षा आतला रंग काळा असणे कितीतरी महत्त्वाचे आहे. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो, तो खिडकीतून आत शिरतो आणि आतले कापड फिकट असेल तर बसलेल्या माणसाची प्रत्येक हालचाल बाहेर दिसते. आत काळे अस्तर असावे, अंगावरचे जाकीटही गडद असावे आणि समोरची खिडकी उघडी असताना पाठीमागची बंदच ठेवावी. दोन्ही उघड्या राहिल्या की मागच्या उजेडावर माणसाची आकृती उमटते. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. पांढरे कापड चमकदार दिसावे म्हणून जी द्रव्ये धुण्याच्या पावडरीत घातलेली असतात, ती अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड टाकतात. रेनडिअरला अतिनील प्रकाश दिसतो हे सिद्ध झालेले आहे. इतर प्राण्यांपुढेही धोका कशाला पत्करायचा? असे कापड साध्या पाण्याने धुवावे.

बर्फात बाहेरून पाणी येत नसले, तरी आतून येते. बंद तंबूत दोन माणसे दोन-तीन तास बसली की त्यांच्या श्वासातील बाष्प थंड भिंतींवर गोठून पांढरा थर धरते आणि ऊन पडताच तो थर भुरभुरत भिंगावर, कॅमेऱ्यावर, मानेवर पडू लागतो. संपूर्ण जलरोधक, हवाबंद तंबूत हा त्रास सर्वांत जास्त होतो, म्हणजे लेखातील सल्ला इथे उलटतो. छताजवळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उघडता येईल असा झरोका आणि खाली हवा आत येण्यास थोडी फट, असे दोन्ही असेल तर बाष्प बरेचसे निघून जाते. हवा खेळती असण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. थंडी असह्य झाली की काही मंडळी तंबूत गॅसची शेगडी किंवा कोळशाची अंगेठी पेटवतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि गुंगी येऊ लागल्याचे त्या माणसाला कळतही नाही. पेटवायचे काही आत नेऊच नये. गरम पाण्याची रबरी पिशवी आणि खिशात ठेवायच्या उष्णतेच्या पुड्या पुरेशा आहेत.

खिडक्यांसाठी चेन, वेल्क्रो, आकडे आणि चुंबक असे चार उपाय आढळतात. वेल्क्रोचा आवाज कोल्ह्याला शंभर पावलांवरून ऐकू जातो आणि त्याच्या काट्यांत बर्फ भरला की ते धरतही नाही. चेन ओली होऊन गोठली तर हलत नाही, आणि जोर लावला तर तिचा सरकता तुकडाच हातात येतो; निघण्यापूर्वी तिच्या दातांवरून मेणबत्तीचे टोक नीट फिरवून घेतले, तर हा त्रास बराच कमी होतो. आकडे किंवा चुंबकांनी अडकणारी खिडकी आवाज करत नाही आणि जाड हातमोज्यांनीही उघडता येते. ती मिळाल्यास उत्तम. एका बाजूने दिसणारी जाळी पाहणीसाठी ठीक आहे, पण तिच्यावर गोठलेले बाष्प बसले की ती भिंतीसारखी होते, त्यामुळे काढता येणारीच जाळी घ्यावी.

खुंट्यांचा प्रश्न गोव्यातल्या माणसाला तिथे पोहोचेपर्यंत सुचत नाही. तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक तारेच्या मेखा भुसभुशीत बर्फात लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच बाहेरही येतात. गोठलेल्या जमिनीत त्या शिरतच नाहीत, वाकतात. यावर जुना आणि बिनखर्चाचा तोडगा असा, की कापडी पिशव्यांत बर्फ भरून त्यांना ताणदोर बांधायचे, त्या आडव्या गाडून वर बर्फ तुडवायचा आणि थोडा वेळ जाऊ द्यायचा. तुडवलेला बर्फ काही वेळात घट्ट जमतो आणि पिशवी उपसून निघत नाही. जिथे बर्फ कमी आणि दगड अधिक, तिथे त्याच पिशव्यांत दगड भरावेत. तंबूला निदान चारही कोपऱ्यांवर आणि चारही भिंतींच्या मध्यावर ताणदोर बांधण्याची पक्की शिवलेली कडी आहे का, आणि खालच्या कडेला बर्फ टाकून दाबता येईल अशी झालर आहे का, हे दोन्ही पाहावे. अमेरिकेतील काही राज्यांत बंदुकीच्या हंगामात हाइडवर नारिंगी कापड लावणे बंधनकारक आहे. आपल्याला तसे बंधन नाही, पण मागच्या भिंतीला एक नारिंगी फीत बांधून ठेवावी, कारण पहाटेच्या अंधारात आणि भुरभुरत्या बर्फात चांगले लपलेले हाइड मालकालाही सापडत नाही.

इथवरचे बरेचसे कोणत्याही प्रदेशातील खरेदीदाराला लागू आहे. यापुढचे खास आपल्यासाठी. गोव्यातील छायाचित्रकाराचे हाइड वर्षातून फार तर दहा-बारा दिवस बर्फ पाहते. उरलेले वर्ष ते फोंड्याच्या, म्हापशाच्या नाहीतर काणकोणच्या घरात पोटमाळ्यावर पडून असते. त्याचा खरा शत्रू बर्फ नसून आपला जून-जुलै आहे. तंबूच्या कापडावर आतून जो पॉलियुरेथेनचा लेप असतो, तो दमट आणि उबदार हवेत वर्षागणिक विघटित होत जातो. प्रथम घडी चिकट लागते, उघडताना चर्र आवाज येतो, मग आंबूस वास येऊ लागतो आणि एके दिवशी लेपाचे पापुद्रे कोंड्यासारखे गळू लागतात. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी एकाच हिवाळ्यात वापरलेले, त्यांच्या दृष्टीने नवेच असलेले हाइड तीन पावसाळ्यांनंतर उघडले, तेव्हा काळ्या अस्तराचा चुरा त्यांच्या सदऱ्यावर, केसांत आणि ओसरीभर पसरला; कापड जागेवर होते, पण उन्हाकडे धरले तर चाळणीसारखे दिसत होते. त्यात भर म्हणून तंबू बर्फातून आणताना किंचित ओला राहिला असेल, तर बुरशीचे काळे ठिपके पहिल्याच पावसाळ्यात धरतात आणि ते कशानेही जात नाहीत.

तेव्हा गोव्यात राहणाऱ्याने लेपाचा प्रकार अवश्य विचारावा. सिलिकॉनचा लेप असा विघटित होत नाही. पॉलियुरेथेनमध्येही पॉलिइथर जातीचा लेप पॉलिएस्टर जातीच्या लेपापेक्षा ओलाव्यात बराच जास्त टिकतो. विक्रेत्याला हे बहुधा सांगता येत नाही, पण निर्मात्याच्या माहितीत ते पुष्कळदा असते. सहलीहून परतल्यावर तंबू सावलीत, पंख्याखाली, उघडा टांगून दोन-तीन दिवस पूर्ण वाळवावा. तंबूच्या मूळ घट्ट पिशवीत न कोंबता मोठ्या सुती पिशवीत सैल भरावा आणि पोटमाळ्याऐवजी घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात ठेवावा. चतुर्थीच्या सुमारास, पाऊस ओसरून ऊन पडू लागले, की एकदा बाहेर काढून हवा द्यावी. माटोळीचे सामान काढण्यासाठी घर उलथेपालथे होतेच, त्यात एक तंबू जड नाही. ॲल्युमिनियमचे दांडे गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत, विशेषतः किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी, कारण दांड्यांच्या सांध्यांत खारट हवेने पांढरी भुकटी धरली की ते एकमेकांत अडकून बसतात.

लेखात हिमबिबट्याचा उल्लेख उत्साहाने आला आहे, म्हणून एक खुलासा करणे योग्य होईल. २०२४ साली जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत आणि त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. हा प्राणी पाहण्याची किब्बर किंवा लडाखमधील हेमिस परिसरातील रूढ पद्धत म्हणजे स्थानिक वाटाड्यांनी धारेवरून दुर्बिणीने समोरचे कडे न्याहाळणे, आणि दिसल्यावर दूर अंतरावरूनच पाहणे. त्यासाठी हाइड क्वचितच लागते. त्याचा खरा उपयोग होतो तो सी-बकथॉर्नच्या झुडपांवर हिवाळ्यात फळे खायला येणाऱ्या पक्ष्यांसाठी, गावाजवळ फिरणाऱ्या लाल कोल्ह्यासाठी किंवा चोपताच्या उतारांवर बर्फ उकरणाऱ्या मोनालसाठी. केवळ हिमबिबट्याच्या आशेने कोणी महागडे हाइड घेत असेल, तर ते पैसे जाड बुटांवर खर्च करणे श्रेयस्कर.

शेवटी विक्रेत्यांविषयी. ‘सर्व ऋतूंसाठी’ असे लिहिलेल्या तंबूच्या माहितीत छत किती बर्फ पेलते, कांब कशाची आहे आणि कोणत्या तापमानापर्यंत तपासली आहे, याचा उल्लेख नसेल, तर ते ‘सर्व ऋतू’ विक्रेत्याच्या गावातले समजावेत. आमच्या गटातील एकाने ऑनलाइन मागवलेला तंबू तुटल्यावर हमीची मागणी केली, तेव्हा ‘बर्फाने झालेले नुकसान हमीत येत नाही’ असे उत्तर त्याला मिळाले; वेष्टनावर मात्र बर्फाळ डोंगराचे चित्र होते. हमीपत्रातील अपवाद खरेदीपूर्वी वाचावेत. तंबू हाती येताच परतीची मुदत संपण्यापूर्वी अंगणात तो उभा करून, प्रत्येकी पाच किलो वाळूच्या चार पिशव्या छतावर पसरून ठेवाव्यात आणि तासाभराने छत कितपत खाली आले ते पाहावे. वीस किलो म्हणजे वरच्या हिशेबाने नऊ सेंटिमीटरही कोरडा बर्फ नव्हे; एवढ्यानेच मधला भाग खळग्यासारखा खचत असेल, तर तंबू त्याच आठवड्यात परत पाठवावा. फायबरग्लासची कांब गोव्याच्या उकाड्यात या चाचणीत उत्तीर्ण झाली, म्हणून उणे वीस अंशांत होईलच असे नाही, एवढे मात्र ध्यानात असावे.

जानेवारीतील सहलींची नोंदणी आता सुरू होत आहे आणि अनेक वाचक याच दिवसांत खरेदी करतील. त्यापूर्वी आपल्या पुरवणीत या विषयावर दुरुस्तीपर मजकूर, शक्य झाल्यास स्पिती किंवा लडाखमधील एखाद्या अनुभवी वाटाड्याशी बोलून, प्रसिद्ध व्हावा अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
फोंडा, गोवा